डोक्याला मार लागल्यानंतर मेमरी टेस्ट: कधी करायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढची दोन वर्षं घरी काय करायचं

ऑपरेशन झालं, टाके निघाले, सिटी स्कॅन बरा आहे म्हणून डिस्चार्ज मिळाला, आणि घरी आल्यावर दोन-चार दिवसांत कळतं की माणूस चालतोय, बोलतोय, टीव्ही बघून हसतोय पण सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी आठवत नाहीये. मग सगळे आपापले उपाय सांगायला लागतात, बदाम भिजवून द्या, शब्दकोडी सोडवायला लावा, वगैरे. मी डॉक्टर नाही. आमच्या दादाचा बाईक ॲक्सिडेंट झाल्यापासून त्याची फाईल सांभाळणारी, टेस्टच्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसून राहणारी आणि नंतर सायकॉलॉजिस्टना प्रश्न विचारून हैराण करणारी बहीण आहे. एवढ्या फेऱ्यांमधून एक गोष्ट पक्की कळली, टेस्टमधला टोटल आकडा बघून घाबरायचं किंवा खूश व्हायचं नाही, त्या टेस्टमधून मेमरीचं नेमकं कुठलं काम अडलंय ते काढून घ्यायचं, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर ठरतो.

आधी फाईल उघडा

डिस्चार्ज कार्डावर जीसीएस लिहिलेला असतो, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली हा मांडला. डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायाची हालचाल यांचे मार्क मिळून ३ ते १५ मध्ये आकडा येतो. १३ ते १५ म्हणजे सौम्य मार, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली असेल तर गंभीर. हा आकडा ॲडमिट करतानाचा आहे की दारू किंवा झोपेचं इंजेक्शन अंगात असतानाचा आहे ते विचारून घ्या, त्याने बराच फरक पडतो.

पण मेमरीच्या दृष्टीने त्याहून जास्त सांगणारी गोष्ट बहुतेक फाईलींमध्ये लिहिलेलीच नसते, ती म्हणजे पीटीए, मार लागल्यानंतरचा विस्मरणाचा काळ. हा काळ डोळे उघडले की संपत नाही. पेशंट शुद्धीवर येतो, आईला ओळखतो, नर्सशी मस्करी करतो, आणि तरी आतमध्ये काहीच साठत नसतं. रोजच्या घटना सलग लक्षात राहायला लागल्या की पीटीए संपला म्हणायचं. हा काळ २४ तासांच्या आत असेल तर मार सौम्य धरतात, १ ते ७ दिवस असेल तर मध्यम, आठवड्याच्या वर गेला तर गंभीर. नंतरसुद्धा याचा अंदाज काढता येतो. निवांत बसून विचारा, ॲक्सिडेंटनंतरचं तुला पहिलं काय आठवतं, मग त्याच्यानंतरचं काय, मग त्याच्यानंतरचं. सुरुवातीला एकेक सुटी आठवण येते (आमच्याकडे आयसीयूतला पंखा आणि मग एकदम घरची पायरी), ती सोडून द्यायची आणि जिथून सलग धागा लागतो तो दिवस लिहून ठेवायचा. हॉस्पिटलमधले फोटो, व्हॉट्सॲपवरचे घरच्यांचे मेसेज यावरून तारीख जुळवता येते.

आणि स्कॅन. सिटी नॉर्मल असूनही मेमरी बिघडू शकते, कारण जोरात हादरा बसल्यावर मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, ते सिटीत सहसा दिसत नाहीत. एमआरआयच्या काही खास सीक्वेन्समध्ये बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसले तर अंदाज येतो. शिवाय कवटीच्या आत कपाळामागे आणि कानाच्या बाजूला हाडाचा पृष्ठभाग खडबडीत आहे, त्यामुळे मार कुठेही लागला तरी मेंदूचे तेच भाग घासले जातात, आणि लक्ष देणं, आठवणी साठवणं ही कामं नेमकी त्याच भागांची.

पीटीए चालू असताना घरच्यांनी काय करायचं

या काळात मोठी टेस्ट करून काही उपयोग नसतो. हॉस्पिटलमध्ये रोज छोटी तपासणी करतात, काही ठिकाणी गॅलव्हेस्टनची १०० मार्कांची, त्यात सलग ७५ च्या वर यायला लागलं की पीटीए संपत आला असं धरतात, काही ठिकाणी ऑस्ट्रेलियातली वेस्टमीड, त्यात रोज १२ प्रश्न, तीन चित्रं आणि तपासणाऱ्याचा चेहरा व नाव दुसऱ्या दिवशी आठवायचं असतं आणि तीन दिवस सलग १२ पैकी १२ यावे लागतात. तुमच्या हॉस्पिटलमध्ये करत असतील तर त्या कागदाची झेरॉक्स नक्की मागून घ्या, करत नसतील तर रोज एका वहीत तारीख टाकून लिहा की आज कालचं काय आठवलं.

आता पाहुणे. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक माणूस पलंगाजवळ वाकून पहिलं वाक्य काय टाकतो? "ओळखलंस का मला?" आणि पेशंट बिचारा ओशाळून हसतो किंवा भलतंच नाव सांगतो, मग बाहेर जाऊन डोळे पुसणं सुरू. हे थांबवा, दारावर कागद चिकटवा पाहिजे तर. येणाऱ्याने स्वतःच सांगायचं, "मी आत्या, नाशिकहून आले, तू हॉस्पिटलमध्ये आहेस, बाईकवरून पडलास, आता बरा होतोयस." रोज तेच, त्याच शब्दांत. "काल ऑफिसला जाऊन आलो" असं काही पेशंट ठासून सांगेल, ते खोटं बोलणं नसतं, मेंदू रिकामी जागा स्वतःच भरत असतो, त्याच्याशी वाद घालू नका, विषय हळूच बदला.

खुद्द ॲक्सिडेंट आठवत नाही म्हणून तर अजिबात मागे लागू नका. त्या क्षणाची आठवण बहुतेक वेळा तयारच झालेली नसते, त्यामुळे ती पुढे कधी येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. ॲक्सिडेंटच्या आधीचे गेलेले दिवस किंवा महिने मात्र हळूहळू परत येतात, साधारण जुन्याकडून नव्याकडे, आणि शेवटचा थोडा तुकडा कायमचा जातो.

टेस्ट कधी आणि कोणाकडे

ओपीडीत दहा-पंधरा मिनिटांत होते ती स्क्रीनिंग. एमएमएसई १९७५ ची, एमओसीए म्हणजे लोक मोका म्हणतात ती २००५ ची, दोन्ही ३० मार्कांच्या, मोकामध्ये २६ आणि वर नॉर्मल समजतात. कमी शिकलेल्या माणसाला मोकात एक मार्क जादा देतात, पण त्याने सगळा फरक भरून निघतोच असं नाही, म्हणून शिक्षण किती ते आधीच सांगा. एमएमएसईमध्ये ३० पैकी २८ आले म्हणून मेमरी ठीक असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर मान हलवू नका. डोक्याला मार लागलेल्या माणसाची खरी अडचण बऱ्याचदा लक्ष, वेग आणि प्लॅनिंगमध्ये असते आणि ही टेस्ट ते जवळजवळ तपासतच नाही.

पूर्ण टेस्टला न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट म्हणतात, ती दोन-तीन तास किंवा जास्त चालते, कधी दोन दिवसांत विभागून करतात. करणारी व्यक्ती आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर झालेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावी, नंबर विचारायला लाजू नका. मेडिकल कॉलेजच्या सायकिॲट्री विभागात चौकशी करा, तिथे खर्च बराच कमी येतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेची तर स्वतःची टेस्ट बॅटरीच (टेस्टांचा संच) आहे, २००४ ची, भारतीय लोकांच्या नॉर्म्सवर, म्हणजे सर्वसाधारण मार्कांवर बसवलेली. चंडीगडच्या पीजीआयची मेमरी स्केलही आपल्याकडच्या रिपोर्टांमध्ये दिसते.

पीटीए संपल्यावर पहिली पूर्ण टेस्ट साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, नंतरची वर्षाने. घाईने महिन्या-महिन्याला करू नका, तेच शब्द, तीच चित्रं पुन्हा आली तर सवयीने मार्क वाढतात आणि आपल्याला वाटतं सुधारणा झाली. दुसऱ्या वेळेस पर्यायी शब्दांची यादी वापरणार का ते विचारा. यूट्यूबवर बघून तयारी तर अजिबात करून घेऊ नका, टेस्टच वाया जाते.

जायच्या आधी: सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री झोप झालेली असू दे, चष्मा आणि कानाचं मशीन बरोबर (चष्मा विसरल्यामुळे खराब आलेला रिपोर्ट वर्षभर फाईलमध्ये बसतो), चालू गोळ्यांची यादी, शाळेची-नोकरीची माहिती, कारण आधीचा माणूस कसा होता त्याच्याशी तुलना करायची असते. टेस्ट मराठीत होणार ना हे फोनवरच विचारा, आणि आकड्यांचं वेगळं सांगा. आपल्यातले कितीतरी लोक बोलतात मराठी पण फोन नंबर सांगतात इंग्रजीत, अशा माणसाला "एकोणसाठ, एकोणसत्तर" करायला लावलं तर तो मेमरीमुळे नाही, मराठी आकड्यांमुळे अडखळणार. खोलीत तुम्हाला बसू दिलं तर तोंडातून अवाक्षर काढू नका. "अहो सांगा ना, काल तर सांगितलं होतं" असं आमची वहिनी म्हणायला लागली आणि तिला गोड बोलून बाहेर बसवलं.

रिपोर्ट वाचताना

सगळ्यात माहिती देणारा भाग म्हणजे १५ शब्दांची टेस्ट, एव्हीएलटी. १५ शब्द वाचून दाखवतात, आठवतील तेवढे म्हणायचे, असं तेच शब्द पाच वेळा. मग दुसरीच यादी मध्ये घुसवतात, मग पहिली पुन्हा विचारतात, मग अर्ध्या तासाच्या आसपास दुसरी कामं करून झाल्यावर न सांगता पुन्हा विचारतात, आणि शेवटी शब्दांची सरमिसळ वाचून यातला तुमच्या यादीतला कुठला ते ओळखायला लावतात. रिपोर्टच्या टोटलवर न थांबता हे सगळे तुकडे वेगवेगळे मागा.

मेमरी म्हणजे दुकानाचं गोडाऊन समजा. माल न सापडण्याची तीन कारणं असतात, माल आलाच नाही, आला पण नीट ठेवला नाही, किंवा ठेवलाय पण कुठे ते सापडत नाही. पहिल्याच फेरीत दोन-तीन शब्द, उलटे आकडे म्हणायच्या टेस्टमध्येही कमी, पण फेऱ्यांबरोबर आकडा चढतोय, तर माल आत येतानाच अडतोय, म्हणजे भानगड लक्षाची आहे. पाच फेऱ्या होऊनही आकडा जागचा हलत नाही, अर्ध्या तासाने जवळजवळ शून्य आणि ओळखायला दिलं तरी चुकतंय, तर साठवणच होत नाहीये, हे जास्त गंभीर. आणि स्वतःहून आठवत नाही पण ओळखायला दिलं की बरोबर ओळखतो, तर माल आत आहे, शोधणं अडलंय. यादीत नसलेले शब्द भरपूर येत असतील तर तेही विचारा, असा माणूस घरीसुद्धा "गोळी घेतली" असं ठामपणे सांगेल आणि घेतलेली नसेल. प्रत्यक्षात हे तिन्ही थोडं थोडं मिसळलेलं असतं, तरी जोर कुठे आहे ते कळतं.

एक गोष्ट या टेस्टांमधून निसटते. भविष्यात करायचं काम वेळेवर आठवणं, गॅस बंद करायचा, चार वाजता फोन करायचा, ही वेगळीच मेमरी आहे आणि घरी भांडणं सगळ्यात जास्त हिच्यावरून होतात. रिव्हरमीड नावाची टेस्ट रोजच्या जगण्यातली मेमरी तपासण्यासाठीच बनवलेली आहे, त्यात अशी कामं असतात, होत असेल तर करून घ्या. नाहीतर घरच्यांनी आठवडाभर काय काय राहून गेलं त्याची यादी करून सायकॉलॉजिस्टना द्या. पेशंटला विचारलं तर तो म्हणणार मला काही झालेलंच नाहीये, आणि तो हट्ट करत नसतो, स्वतःतला बदल कळणं हेच बऱ्याचदा दुखावलेलं असतं.

रिपोर्टप्रमाणे घरची व्यवस्था

लक्षाची भानगड असेल तर बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच सूचना, आणि त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायची. शोधण्याची अडचण असेल तर थेट उत्तर न देता धागा द्या, "कोण आलं होतं? पुण्याहून... म पासून नाव...", तेवढ्यावर येतं बऱ्याचदा.

साठवणच होत नसेल तर मात्र धागे देणं, अंदाज करायला लावणं बंद. असा माणूस चुकीचं उत्तर देतो आणि ते चुकलं होतं हे विसरून तेच चुकीचं उत्तर पक्कं करून बसतो. १९९४ साली बॅडली आणि विल्सन या ब्रिटिश सायकॉलॉजिस्टनी हे दाखवलं, तेव्हापासून चूक होऊच न देता शिकवायची पद्धत वापरतात. आधी उत्तर सांगायचं, मग लगेच म्हणवून घ्यायचं, आणि मग अंतर वाढवत जायचं. उदाहरणार्थ "चाव्या कुठे असतात? दाराजवळच्या खिळ्याला." हे ३० सेकंदांनी विचारा, मग १ मिनिटाने, २, ४, ८ मिनिटांनी. अडखळला तर लगेच उत्तर सांगा आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत या. मधल्या वेळात गप्पा मारा, भाजी निवडा. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची, आणि ती रोज लागणारी असू दे. राजधान्यांची नावं पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे?

वही आणि मोबाईल, हे सगळ्यांसाठीच. मेंदूचे गेम खेळून माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, पण किराणा आणायचा लक्षात राहील असं नाही, उलट अलार्म, वही, यादी यांचा उपयोग दिसून आलेला आहे. इंग्लंडमध्ये पेजर वापरून २००१ मध्येच अभ्यास झाला होता, आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. करायचं असं:

एकच जागा ठरवा. भिंतीवर कालनिर्णय, टेबलावर डायरी आणि मोबाईलमध्ये दोन ॲप असं केलंत तर चारही अर्धवट राहतात. आमच्याकडे कालनिर्णय फक्त दूध आणि गॅसचं लिहायला, बाकी सगळं मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये.

अलार्मला नाव द्या आणि पूर्ण वाक्य लिहा. नुसता वाजणारा अलार्म तो बंद करेल आणि का वाजला ते विसरेल. "रात्री ९, जेवण झालंय, निळ्या डब्यातली गोळी पाण्याबरोबर घे, मग इथे बंद कर." गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांचा डबा, भरायचं काम दुसऱ्या कोणीतरी.

वही वापरायला शिकवावी लागते, नुसती आणून देऊन होत नाही. पहिले काही आठवडे फक्त ठरावीक वेळेला उघडायची सवय, नाश्त्यानंतर, दुपारी, झोपताना. मग त्यात स्वतः लिहायची सवय. त्याने तुम्हाला काही विचारलं आणि ते वहीत असेल तर उत्तर माहीत असूनही "वही बघूया" म्हणायचं, न चिडता, दहाव्या वेळेलासुद्धा. हेच सगळ्यात अवघड आहे, सांगून ठेवते.

यूपीआयची लिमिट कमी करून घ्या, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवा. ओटीपी विचारणारे फोन अशा माणसाला चटकन गुंडाळतात.

मेमरी पळवणाऱ्या बाकीच्या गोष्टी

झोप खराब, घोरणं, नैराश्य, बी१२ कमी, थायरॉईड, सोडियम कमी, यातलं काहीही मेमरी आणखी खाली ओढतं आणि यावर इलाज आहेत, म्हणून रक्त तपासून घ्या. मार लागल्यावर पिट्युटरी ग्रंथीचं काम मंदावू शकतं, थकवा फारच असेल तर हार्मोन तपासायचे का ते विचारा. गोळ्यांची यादी दाखवा, झोपेच्या काही गोळ्या, सर्दीची जुनी गुंगी आणणारी औषधं, नैराश्य-डोकेदुखीसाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलीन, हे सगळं डोकं मंद करतं. फिटची गोळी सुरुवातीला खबरदारी म्हणून साधारण आठवडाभर देतात, एकही फिट आलेली नसताना ती महिनोन्महिने चालूच राहिलेली असते बऱ्याच घरी, स्वतः बंद करू नका पण कधीपर्यंत ते नक्की विचारा. बदाम खाऊ द्या, काही बिघडत नाही, ब्राह्मीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना सांगूनच. दारू बंद.

आणि सुधारत चाललेली मेमरी पुन्हा खाली जायला लागली तर "मार लागला होता ना" म्हणून सोडून देऊ नका. डोकेदुखी वाढणं, उलट्या, सुस्ती, एका बाजूला कमजोरी किंवा फिट असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा. वयस्कर माणसात कवटीखाली काही आठवड्यांनी हळूहळू रक्त साठू शकतं, मेंदूत पाणीही साठू शकतं, दोन्हींवर ऑपरेशन होतं. मध्येच काही सेकंद टक लावून बघत राहणं, ओठ चाटणं, ही सुद्धा फिट असू शकते, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

किती दिवस, आणि कागदपत्रं

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने, मग दोन वर्षांपर्यंत हळूहळू, त्यानंतरही होते पण ती मेंदूपेक्षा सवयी आणि व्यवस्थेमुळे जास्त. कॅनडातल्या के.सी. या पेशंटवर टोरांटोचे सायकॉलॉजिस्ट टल्व्हिंग यांनी वर्षानुवर्षं काम केलं, १९८१ मध्ये मोटरसायकल ॲक्सिडेंटनंतर त्याला स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता, पण तो बुद्धिबळ खेळायचा आणि लायब्ररीत पुस्तकं नंबरप्रमाणे लावायचं कामही शिकला होता. प्रसंग आठवणं आणि हाताला सवय लागणं वेगळ्या वाटांनी चालतं, म्हणून वर्ष उलटलं तरी नवीन काम शिकवणं सोडू नका.

रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत आहे, ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, म्हणून वकिलांना लवकर भेटा. हाडाचं फ्रॅक्चर एक्स-रेत दिसतं, मेमरीचं नुकसान दाखवायला हाच न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट लागतो. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाल तेव्हा लक्षात ठेवा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूच्या माराचं वेगळं नाव नाही, त्यामुळे कुठल्या प्रकारात तपासणी होईल ते तिथल्या बोर्डाला आधी विचारून मग कागद जोडा. बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं.

कामावर परत पाठवताना आधी अर्धा दिवस, तेही आठवड्यातून दोन-तीनदा, ओळखीचं काम, आणि साहेबांना किंवा एका सहकाऱ्याला खरं सांगून. घरी ठीक वाटणारा माणूस ऑफिसच्या गोंगाटात दोन तासांत थकतो आणि थकल्यावर मेमरी सगळ्यात आधी जाते, त्यामुळे पहिल्या महिन्यात चुका किती झाल्या त्यापेक्षा किती वाजता व्हायला लागल्या ते लिहून ठेवा, कामाचे तास त्यावरून ठरवता येतात. गाडी चालवायला मात्र ऑफिस सुरू झालं म्हणून देऊ नका. त्याचा निर्णय न्यूरोलॉजिस्टनी, फिट, नजर आणि प्रतिसादाचा वेग हे सगळं बघून द्यायचा, आणि तो लेखी घ्या, म्हणजे रोज किल्लीवरून होणाऱ्या वादात तुम्हाला वाईट व्हावं लागणार नाही.